ज्याची आठवण त्याला

४ जानेवारी

प्रिय दादा,

हे पत्र घेऊन आलेला शिपाई माझ्याच कचेरीतला आहे. त्याला चहा दे आणि तुझं वाचून होईपर्यंत दुकानात बसवून ठेव. वाचलंस की पत्र जाळून टाक. फाडू नकोस, तुझं फाडणं मला माहीत आहे. चार तुकडे करतोस आणि तेही खणात जपून ठेवतोस.

सोमवारपासून मी एका ठिकाणी राहायला जाते आहे. गावाबाहेर एक बंद पडलेला साबणाचा कारखाना आहे. तिथे काही माणसं एकत्र राहतात आणि स्वतःला 'रिकामी माणसं' म्हणवतात. त्यांच्या मुख्याला सगळे 'ऐकणारे' म्हणतात. हे गृहस्थ पूर्वी रेडिओवर बातम्या वाचायचे, आवाज फार गोड आहे म्हणे. त्यांचं म्हणणं असं, की माणूस जड होतो तो आठवणींनी. दुखणं म्हणजेसुद्धा शरीराची आठवण, म्हणून औषध घ्यायचं नाही. आणि मनातली एकेक आठवण ज्याची आहे त्याला पत्र लिहून परत करायची. नव्या माणसाला त्यासाठी घरच्या एकाच माणसाशी पत्रव्यवहार ठेवता येतो. सगळं परत झालं की माणूस रिकामा, आणि मग पत्रं बंद.

एवढ्यावर कुणाला अटक करता येत नाही. पण गेल्या काही वर्षांत तिथे गेलेली तीन म्हातारी माणसं पुन्हा कुणाला दिसलेली नाहीत. विचारलं की 'निघून गेले' असं सांगतात. आता बस डेपोतल्या एका निवृत्त टाइमकीपरची मुलगी आमच्या साहेबांकडे आली. वडिलांच्या हृदयाच्या गोळ्या एक दिवस चुकवून चालत नाही, आणि त्यांची पत्रं अचानक थांबली आहेत. म्हातारा आपल्या पायांनी आत गेलेला, त्यामुळे वॉरंट मागायला साहेबांच्या हातात काही नाही. ते जिवंत आहेत का आणि तिथल्या माणसांच्या औषधांचं काय होतं, हे मला बघायचं आहे.

पोलीस ही एक गोष्ट सोडून मी सगळं खरं सांगणार. चष्मेवाल्याची धाकटी बहीण, नोकरी गेलेली टायपिस्ट. माझी पत्रं तुला येतील आणि तुझी मला, आणि दोन्ही तिथे वाचली जातील. खुणेचे शब्द वापरले तर त्यांना लगेच वास लागेल. म्हणून मी असं योजलं आहे: आठवण खरी असेल तर ती नुसती आठवण. मी न घडलेली गोष्ट लिहिली, की तिच्यात निरोप आहे असं समज आणि साहेबांकडे जा. आईबाबा गेल्यावर आपल्या घरात काय घडलं आणि काय नाही हे आता आपल्या दोघांनाच माहीत आहे. याच्याइतकं पक्कं कुलूप साहेबांच्या तिजोरीलाही नाही.

वहिनीला यातलं जेवढं सांगावंसं वाटेल तेवढं सांग. ती विचारून घेईलच.

तुझी
भिंगरी

६ जानेवारी

प्रिय भिंगरी,

तुझ्या शिपायानं दोन कप चहा घेतला आणि वर फुकटात नंबर काढून घेतला. त्याचा डावा डोळा अगदीच अधू आहे. त्याला पोलिसात कुणी घेतलं?

तुझं कुलूप पक्कं आहे, पण त्याला दोन किल्ल्या आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. भिंगं घासायच्या चाकावरचा नळ उघडा ठेवून दुकानात पाणी कुणी केलं? तू म्हणतेस मी, आणि मी शपथेवर सांगतो तू. मांजर पांढरं होतं की करडं? तुझी वहिनी म्हणते, तुम्ही दोघं एकाच घरात वाढलात यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही. तेव्हा खोटं रचशील ते ढळढळीत रच. बाबांच्या तोंडी सलग तीन वाक्यं घातलीस तरी पुरे, मी लगेच टोपी घालून साहेबांकडे निघेन.

पत्रात मी साहेबांना मामा म्हणेन. आपल्याला मामा नव्हता, म्हणजे तुझ्या नियमात बसतं.

आता माझं म्हणणं. त्या डेपोकाकांचं मला वाईट वाटतं, पण मी त्यांना ओळखत नाही. मी तुला ओळखतो. गिऱ्हाइकाच्या फिरत्या स्टुलावर बसून गरागरा फिरायचीस आणि भोवळ आली की मला धरायचीस, म्हणून मी तुझं नाव भिंगरी ठेवलं आणि चष्म्याच्या दुकानात ते चिकटलं. मला तू परत हवी आहेस, आणि जशी जाते आहेस तशीच. काका सापडोत न सापडोत, त्या माणसाला शिक्षा होवो न होवो. हे स्वार्थाचं बोलणं आहे आणि मी ते बोलतो आहे.

तिथे गोड आवाजाचा माणूस आहे म्हणतेस. आपल्या घरात कुणी गोड बोलायचं नाही, त्यामुळे तुला सवय नाही. सांभाळ.

तुझा
दादा

२९ जानेवारी

प्रिय दादा,

मी पोचले आणि रुळले. आमच्या लिहिण्याच्या खोलीत पूर्वी साबणाच्या वड्या कागदात गुंडाळायचे. भिंतींना अजून तो वास आहे. रात्री अंथरुणावर पडलं की शाळेच्या पहिल्या दिवसासारखं वाटतं, आंघोळ घालून, भांग पाडून कुणीतरी आणून सोडल्यासारखं. आम्ही खोलीत आठ बायका आहोत. पत्र झालं की आमच्यावर देखरेख करणाऱ्या बाईंकडे द्यायचं, त्या वाचतात आणि पाकिटात घालतात.

मी परत करायला काय निवडलं सांगू? न नेलेल्या चष्म्यांचा खण. गिऱ्हाईक ऑर्डर द्यायचं आणि पुन्हा यायचंच नाही, आणि बाबा ते चष्मे एका खणात ठेवायचे. दुपारी दुकान बंद असताना आपण ते एकेक घालून बघायचो. जाड काचांचा घातला की तू मास्तर व्हायचास, सोनेरी काड्यांचा घातला की मी डॉक्टरीणबाई. दहा मिनिटांत दोघांची डोकी दुखायला लागायची. आई चहा करताना विचारायची, डोळे का असे चोळताय, आणि आपण म्हणायचो, अभ्यास केला. ती दुपार, तो बंद दुकानातला उजेड, सगळं तुझं आहे. घे.

आणि बाबांचे ते डेपोतले गिऱ्हाईक आठवतात का? रविवारी आपण दोघं त्यांच्याकडे जायचो, ते? अंथरुणातून उठवत नव्हतं बिचाऱ्यांना, पाय सुजलेले, पण डोकं शाबूत. मला बघितलं की विचारायचे, पाचची गाडी सुटली का. अगदी मागच्या अंगाला राहायचे, कोळशाच्या कोठीला लागून. त्यांना भेटायला फारसं कुणी जायचं नाही.

इथे संध्याकाळी सगळे गोल बसतात आणि एकेकजण बोलतो. ऐकणारे मध्ये काही बोलत नाहीत. आपण थांबलो की फक्त म्हणतात, "आणि?" आवाज खरोखर चांगला आहे.

वहिनीला नमस्कार.

तुझी
भिंगरी

५ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

खण मिळाला. मास्तर मी व्हायचो हे खरं, पण तू डॉक्टरीणबाई होऊन मला पट्टीनं मारायचीस हे सोयीस्करपणे विसरलीस. डॉक्टर पट्टीनं मारतात का हे त्या बाईंनाच विचार.

डेपोतले काका मला चांगले आठवतात. मामांना तुझं पत्र वाचून दाखवलं, तेही त्यांना ओळखायचे. त्यांना फार बरं वाटलं, काकांची मुलगी भेटली तर सांगेन म्हणाले. एक मात्र माझ्या डोक्यातून गेलं आहे. त्यांच्या गोळ्यांच्या डब्या असायच्या ना उशाशी? त्या एकदा कुठेतरी गेल्या आणि मोठा शोध चालला होता. शेवटी सापडल्या का? तुला आठवलं तर लिही.

दुकानात हल्ली नंबर काढायला यंत्र घेतलं आहे. माणसानं हनुवटी टेकवायची की आकडा आपोआप येतो. मी तरी मागून तक्ता लावून वाचायला सांगतोच. बाबा तक्त्याशेजारी उभे राहायचे आणि गिऱ्हाईक चुकलं तरी चेहऱ्यावर काही दाखवायचे नाहीत. लोक म्हणायचे, फार शांत माणूस. मला लहानपणी वाटायचं, आपणही रोज त्या तक्त्यासमोरच उभे आहोत आणि खालची ओळ बरोबर वाचली की नाही हे कधी कळणार नाही.

तुझ्या वहिनीचं म्हणणं, तू नीट जेवतेस का ते लिहिलं नाहीस.

तुझा
दादा

२६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

डब्या आत्यानं घेतल्या होत्या. तुला आठवत नाही याचं नवल वाटतं, आपली आत्या घरात कुणाला औषध घेऊ द्यायची का? कपडे धुवायच्या खोलीत तिचा तो मोठा लोखंडी हंडा होता, सोडा भिजत घालायचा. झाकण सरकवून सगळं त्यात टाकायची. एकट्या काकांचं नव्हे, सगळ्यांचं. बाटल्यांवर केमिस्टनं लिहिलेली नावं तशीच असायची. मी एकदा झाकण उचलून बघितलं होतं, तेव्हा कळलं. आत्या मात्र आलेल्या-गेलेल्याला सांगायची, यांनी आपणहून सोडलं.

आम्ही एकदा जेवतो. भूक कमी होत जाते, त्यात विशेष काही नाही. मी आता बोलायलाही बसते. तुला हसू येईल, पण कुणी इतकं ऐकून घेतलेलं मला आठवत नाही. कचेरीत नाही, घरी नाही. मी आईबद्दल बोलले. थांबले की ते म्हणायचे, "आणि?" आणि खरोखर पुढे काहीतरी असायचं. मी आईचे केस धुण्याचे दिवस सांगितले, ती अंगणात पाठमोरी बसायची ते, तिच्या हातावर भाजल्याची खूण होती ते. उठले तेव्हा हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी तीच खूण डोळ्यांपुढे आणायला गेले तर हात दिसेना. उजव्या हातावर होती की डाव्या? तुला विचारू नये खरं म्हणजे, देऊन टाकलेलं परत मागू नये असं इथे आहे.

तुझी बहीण

४ मार्च

प्रिय भिंगरी,

उजव्या. मनगटाच्या वर, इस्त्रीनं भाजलेली. तुझ्याच शाळेच्या झग्याला इस्त्री करताना. आता हे कुणाला देऊ नकोस.

मामांना आत्याच्या हंड्याची गोष्ट ऐकवली. ते ताठ बसले. पण म्हणाले, गोष्ट पुरी व्हायला हवी, ते तीन पाहुणे कुठे गेले हे तिनं सांगितल्याशिवाय मधेच उठून येऊ नये. कागदपत्रं मात्र ते तयार करायला लागले आहेत, घराची. मला विचारशील तर गोष्ट गेली खड्ड्यात. अर्ध्या गोष्टीवर उठून ये. लहानपणी सिनेमातून मध्यंतरात मला ओढून घरी आणायचीस, कारण तुला झोप यायची. मी कितीतरी सिनेमांचे शेवट अजून बघितलेले नाहीत.

खालची सही बघितली. 'तुझी बहीण' कुणाची? मला एकच आहे आणि तिला नाव आहे.

जेव. वहिनी म्हणते जेव, आणि तिच्या पुढे मी गेलो नाही, तूही जाऊ नकोस.

तुझा
दादा

२५ मार्च

दादा,

आता फार उरलेलं नाही. ही एक तुझी आहे, इतकी वर्षं माझ्याकडे राहिली.

तुला जहाजावरच्या इंजिनांच्या शाळेत जागा मिळाल्याचं पत्र आलं. तू ते बाबांना दाखवलंस आणि तूच म्हणालास, मी जात नाही, तुमच्या डोळ्यांचं असं झालंय, दुकान मी बघतो. बाबा काही बोलले नाहीत. त्या संध्याकाळी मी मागच्या खोलीत गेले. बाबा दिवा न लावता चाकाजवळच्या स्टुलावर बसले होते आणि रडत होते. मोठ्यानं नाही. मला जवळ घेऊन म्हणाले, "जा म्हणायचंय गं. तोंडातून निघत नाही. तू कुणाला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. आता परत करते. ऐकणारे म्हणतात, ही गेली की बरं वाटेल.

९ एप्रिल

दादा,

खात्याच्या विश्रांतीगृहातून लिहिते आहे. डॉक्टर रोज येतात, वजन करतात आणि तोंड वाकडं करतात. तुला फोन करू नको म्हणून कळवायला मीच साहेबांना सांगितलं. फोनवर नुसता आवाज येतो, माणूस दिसत नाही, आणि मला अजून तो प्रकार सोसत नाही.

साहेबांनी तुला सांगितलं असेलच, तरी माझ्याकडून ऐक. गोल बसलो होतो. एक बाई आपल्या मुलाबद्दल बोलत होती. पुढचं दार वाजलं आणि साहेब वॉरंट घेऊन आत आले, मागे आपला डाव्या डोळ्याचा शिपाई. ऐकणारे उठलेसुद्धा नाहीत. साहेबांकडे बघून त्यांनी त्याच आवाजात विचारलं, "आणि?" साहेब म्हणाले, आणि काय, चला. हंडा मी दाखवला. तळापर्यंत बाटल्या आणि डब्या निघाल्या. डेपोकाका कोळशाच्या कोठीशेजारी होते तिथेच सापडले. आता हॉस्पिटलात आहेत, मुलगी जवळ असते. डॉक्टर म्हणतात, आठवडाभर उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं.

हे सगळं ठीक. पण त्या तिघांचं काय झालं हे अजून कळलेलं नाही. स्वयंपाकघरातल्या म्हातारीनं माझ्याशी बोलायला नुकतीच सुरुवात केली होती. मला थोडे दिवस आणखी हवे होते. आता ती कुणाशीच बोलत नाही. साहेब सांगतात, तुझा भाऊ पत्र घेऊन धावत आला आणि म्हणाला, ती सुटकेसाठी हाका मारते आहे. मी कुठे हाका मारल्या? कुठली आठवण तू खोटी धरलीस? तूच मला ढळढळीत रचायला सांगितलं होतंस ना? एवढी साधी गोष्ट होती, दादा.

रागावले आहे. पण पत्र लिही.

१२ एप्रिल

प्रिय भिंगरी,

रागाव. रागावलीस म्हणजे जिवंत आहेस, आणि मला तेवढं पुरतं. तिघांचं काय झालं ते साहेब शोधतील, तो त्यांचा पगार आहे.

कुठली आठवण म्हणून काय विचारतेस? शेवटची. याहून ढळढळीत तू काय रचणार होतीस? जहाजाच्या शाळेचं खरं, बाबांच्या डोळ्यांचं खरं, आणि मध्ये हे असं. बाबा आणि रडणं. बाबा आणि सलग तीन वाक्यं. मीच तुला लिहिलं होतं की एवढं पुरे. आणि वाक्यं तरी कुठली? जायचं आहे, तोंडातून निघत नाही, कुणाला सांगता येत नाही. मी वाचलं ते असं, की मला इथून निघायचं आहे आणि मला ते इथे बोलता येत नाही. खाली सहीसुद्धा नाही. मी गिऱ्हाइकाला खुर्चीत बसलेला सोडून निघालो. त्याच्या नाकावर चाचणीची फ्रेम तशीच होती.

तुझ्या वहिनीनं ते पत्र दारातच माझ्या हातून घेऊन वाचलं. म्हणाली, "हा निरोप नाही वाटत. हे तुला लिहिलंय." मी म्हटलं, तुला आमच्या घरातलं काय कळतं. साहेबांना मात्र पटलं. वॉरंटाचे कागद तयारच होते, त्यांनी त्याच दिवशी सह्या मिळवल्या.

म्हणून सांगतो, माझं चुकलेलं नाही. तू खूण केलीस, मी ओळखली. फार तर असं म्हण, की तू निरोप एक पाठवलास आणि मी दुसरा समजलो. मग तुझा निरोप काय होता ते सांग.

तुझा
दादा

१७ एप्रिल

प्रिय दादा,

निरोप नव्हता. वहिनी बरोबर होती. ते घडलं होतं.

बाबा रडले होते. तुला जा म्हणायचं होतं त्यांना. मी तेव्हा आठ वर्षांची, मला वाटलं सांगितलं तर काहीतरी भयंकर होईल, आणि पुढे तू दुकानात असा बसलास, की सांगून उपयोग काय असं वाटत राहिलं. बाबा गेले तेव्हाही सांगणार होते. तू तेराव्याच्या वेळी हिशेबाच्या वह्या आवरत होतास आणि म्हणालास, त्यांनी मला थांब म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही, त्यांना दोन्ही सारखंच. मी तेव्हाही गप्प बसले.

ते पत्र लिहिताना मी पोलीस नव्हते. हे मी साहेबांना सांगितलेलं नाही, तुला सांगते. मी तिथे चौकशी करायला गेले होते हे मला ठाऊक होतं, जसं शेजारच्या माणसाचं नाव ठाऊक असतं तसं. मी खरोखरच तुझं तुला देऊन मोकळी होत होते. पुन्हा बाहेर येईन असं वाटत नव्हतं, आणि त्याचं काही वाईटही वाटत नव्हतं. तुझा गैरसमज झाला नसता तर माझं काय झालं असतं हा विचार मी डॉक्टरांच्या गोळीशिवाय करत नाही. थोडे दिवस आणखी हवे होते म्हणून तुझ्यावर ओरडले. ते दिवस म्हातारीसाठी हवे होते की आणखी कशासाठी, हे मला नक्की सांगता येणार नाही.

आता एक अडचण आहे. बाकीचं हळूहळू परत येतं आहे. आईचा हात आला, इस्त्रीसकट. खण आला, तू म्हणतोस ती पट्टीसुद्धा आली. पण ही संध्याकाळ येत नाही. मी काय लिहिलं ते शब्द आठवतात, पण त्यांच्यामागे काही दिसत नाही. बाबांचा चेहरा दिसत नाही. मी त्या खोलीत कशाला गेले होते तेही आठवत नाही. आपल्यापैकी ते बघितलेली मी एकटीच होते, आणि माझ्याकडे आता ते नाही. ते पत्र असेल तर पाठव. कदाचित वाचून काही होईल.

तुझी बहीण

२१ एप्रिल

प्रिय भिंगरी,

पत्र साहेबांच्या फायलीत लागलं आहे, मिळणार नाही. पण मला ते पाठ आहे. खूण म्हणून एकदा वाचलं होतं. तुझं हे पत्र आल्यावर ते मनातल्या मनात पत्र म्हणून वाचलं. दुकान दोन दिवस बंद होतं. वहिनीनं दारावर लिहून लावलं, प्रकृती बरी नाही. काही खोटं लिहिलं नाही तिनं.

आधी मला राग आला. एवढा एक शब्द होता. तो म्हटला असता तर मी कुठल्या कुठे असतो. मग वाटलं, त्यांनी म्हटला असता तर मी गेलो असतो का? आणि मला आढळलं, की नसतो गेलो. त्यांना अंधारात सोडून कसा गेलो असतो? फरक एवढाच पडला असता, की मी थांबलो हे त्यांना हवं होतं की नको, याचा विचार करत मी तीस वर्षं भिंगं घासली नसती. मग रडू आलं. मागच्या खोलीतच बसलो होतो. तुझी वहिनी दोनदा दारापर्यंत येऊन गेली.

आता तुझ्या अडचणीचं. ती संध्याकाळ तू एकटीनं बघितलीस असं लिहितेस. खोलीतलं तू बघितलंस, पण पुढचं माझ्याकडे आहे. तुला सांगतो, बघ काही हलतं का.

दिवा लावलेला नव्हता, कारण काचबिंदूनं त्यांना उजेड सोसत नव्हता, त्या वर्षी ते तिन्हीसांजेला नेहमी तसेच बसायचे. तू अगोदर बाहेर आलीस आणि सरळ आईजवळ जाऊन बसलीस. मग बाबा आले. जेवायला बसले तेव्हा डोळे लाल आणि गाल ओले. ते तर रोजचंच होतं, डोळ्यांत थेंब घातले की तासभर पाणी वाहायचं. मी त्यांच्या समोर बसलो होतो. जहाजाचं पत्र माझ्या खिशात होतं, फाडायचं राहिलेलं. मी पुढचा दिवा उचलून त्यांच्या मागे नेऊन ठेवला आणि विचारलं, "औषध फार झोंबतंय का?" बाबा म्हणाले, "हो रे. आज जरा जास्त." आणि माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, त्यांना नीट दिसत नाही म्हणून.

एवढंच माझ्याकडे आहे. मी ते इतकी वर्षं औषधाची आठवण म्हणून ठेवलं होतं. घे.

खोली तयार आहे. वहिनीनं पडदे धुतले आहेत. ये.

तुझा
दादा

२५ एप्रिल

प्रिय दादा,

बाबा दिसले. तुझं पत्र वाचून संपलं आणि खिडकीशी उभी होते, तेव्हा. आधी त्यांचा हात माझ्या डोक्यावर, मग बाकीचे.

शनिवारी येते. साहेबांनी परवानगी दिली आहे. न्यायला येऊ नकोस, माझी मी येईन.

मी त्या खोलीत कशाला गेले होते तेही आठवलं. औषधाची बाटली सकाळीच संपली होती. नवी आणायला आईनं मला पाठवलं होतं आणि केमिस्टचं दुकान बंद होतं. त्या संध्याकाळी बाबांनी डोळ्यांत काही घातलंच नव्हतं, दादा. आज औषध मिळालं नाही, हेच त्यांना सांगायला मी आत गेले होते.

तुझी
भिंगरी